तुपाची कापलेली पळी

फोन जानूचा होता. मी भाचीच्या लग्नासाठी सांगलीला माहेरी आले होते. लग्न आदल्याच दिवशी पार पडलं होतं, घरात पाहुणे लोळत होते आणि सकाळच्या चहाच्या गडबडीत कुणीतरी फोन माझ्या हातात दिला. माझी मुलगी एवढंच म्हणाली, "आई, अप्पा आज चालायला उठले नाहीत." आमच्या घरात या वाक्याचा दुसरा अर्थ होऊच शकत नव्हता. अंगात कणकण असो, शहरात वादळाचा इशारा असो, उजाडलं की अप्पा चपला सरकवून दारात उभे असायचे. वादळ असलं तर फार तर जिन्यातून वरखाली करायचे आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांची झोपमोड करायचे. मी विचारलं, "तू कुठे आहेस?" ती म्हणाली, "त्यांच्याजवळच. चपला काढून ठेवल्या होत्या मी दोघांच्याही..." झोपेतच गेले होते. त्यांच्या घराण्यात असं कुणी गेलं नव्हतं. वडील, आजोबा, थोरला भाऊ, सगळे साठीच्या अलीकडेच गेले आणि जाताना फार सोसून गेले. अप्पा मात्र नातीला कॉलेजात जाताना पाहून, आदल्या संध्याकाळी तळ्याभोवती फेरी मारून, रात्री पालकाचं वरण आणि भात जेवून, निजले ते निजलेच.

अप्पा म्हणजे माझे सासरे, रघुनाथराव. त्यांना जाऊन आता दीड महिना होईल. तंजावरकडच्या मराठी घराण्यातला माणूस, जन्म मात्र मद्रासचा. पूर्वज कोणत्या राजाबरोबर दक्षिणेत उतरले हे ते छातीठोकपणे सांगत, मात्र दर वेळी राजा बदले. घरात बोलत ती मराठी मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा पोथीतून उठून आल्यासारखी वाटली होती, आणि तिचा हेल पूर्ण तमिळ. माझी बँकेत बदली होऊन मी चेन्नईला आले, सीनूची म्हणजे श्रीनिवासची ओळख झाली आणि त्याने मला मैलापूरच्या त्या घरी जेवायला नेलं. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम म्हणा हवं तर. केळीचं पान मांडलं, सासूबाईंनी, ज्यांना सगळे अम्मा म्हणतात, एकेक पदार्थ वाढला, आणि मग हातात तुपाचं भांडं घेऊन अप्पा आले. पांढरी शुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, रुंद छाती, त्याहून रुंद पोट, आणि हातात पितळेची एक पळी. पळी कसली, लहानसा डावच तो. पहिली पळी भातावर पडली. दुसरी पडली. मी म्हटलं, "पुरे." तिसरी पडली. मी आपल्याकडच्या रीतीने पानावर हात आडवा धरला, तर चौथी माझ्या बोटांवर पडली. वर हे महाशय गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "आमच्या पंक्तीत 'पुरे' म्हणणं हे वाढणाऱ्याचं काम."

नंतर कळलं की हा त्यांचा लौकिकच होता. मद्रासमधल्या त्यांच्या गोतावळ्यात कुठेही लग्न, मुंज, कुळधर्म असो, तूप वाढायला रघुनाथराव. ती पळी त्यांच्या पणजोबांची, तंजावरहून आलेली. घराण्यातला थोरला पुरुष तिने तूप वाढणार, ही रीत. ज्याच्या बोटांवर त्या पळीतलं तूप सांडलं नाही त्याचं लग्न पक्कं धरत नाहीत, असं म्हणून लोक हसायचे. पोटभर आणि पोटापलीकडे खाऊ घालणं ही त्या घराची प्रतिष्ठा होती, आणि अंगापिंडाने भरलेलं असणं ही त्या प्रतिष्ठेची पावती. "आमच्यात हाडंच रुंद," असं सगळेच अभिमानाने सांगत. माझ्या लग्नाआधीच गेलेल्या थोरल्या काकांचा, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाचा, पाय साखरेपायी कापावा लागला तेव्हाही घरात बोलणं झालं ते नशिबाचं. रक्तातच आहे, वडलांना होतं, आजोबांना होतं, काय करणार? सीनूला चाळिशी यायच्या आधीच गोळ्या सुरू झाल्या तेव्हा अम्मांनी डोळ्याला पदर लावला आणि त्या संध्याकाळी त्याचं मन रमावं म्हणून शेवयांचं पायसम केलं. मी सांगलीची, आमच्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा. दुःखात गोड आणि आनंदात दुप्पट गोड.

अप्पा जॉर्ज टाउनमध्ये एका डाळींच्या घाऊक व्यापाऱ्याकडे आयुष्यभर नोकरीला होते. गोणीत हात घालून डाळ कोणत्या प्रांताची ते सांगायचे. निवृत्तीनंतर दिवसभर घरी, आणि घरात एकुलती एक नात. दोघांचं मेतकूट असं की जानू शाळेतून आली की आधी अप्पांच्या खोलीत जायची. तिथे मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा असायचा. चांगले मार्क मिळाले की म्हैसूरपाक. कमी मिळाले की समजूत घालायला म्हैसूरपाक. डिसेंबरात संगीत सभांचा हंगाम सुरू झाला की आजोबा नातीला घेऊन कचेरीला, म्हणजे गाण्याच्या मैफलीला, जात. घरी आल्यावर राग कोणता होता हे दोघांनाही आठवत नसे, पण कँटीनमधल्या बोंड्याचं आणि चटणीचं सविस्तर वर्णन व्हायचं. जानू तिसरीत-चौथीत गेली तेव्हा तिचा गणवेश दर काही महिन्यांनी उसवावा लागू लागला. वर्गातली मुलं तिला गुंडू म्हणत. तमिळमध्ये गुंडू म्हणजे जाडा. हे तिने मला सांगितलं नाही, शेजारच्या मुलीने सांगितलं. जिना चढताना ती मधे थांबायची आणि थांबण्याला कारण म्हणून भिंतीवरची पाल बघायची.

आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अप्पाही आले. बाई शांत होत्या. त्यांनी जानूला बाहेरच्या काचेच्या पेटीतले मासे बघायला पाठवलं आणि मग आम्हाला विचारलं, घरात कोण कोण, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. उत्तरं ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मुलगी वाढतेय, तिचं वजन उतरवायचं नाही. वजन आहे तिथे राहू द्या, उंची वाढू द्या. पण आता वळण दिलं नाही तर वडलांना चाळिशीच्या तोंडावर आलं ते हिला विशीत येईल. आणि हे एकट्या मुलीचं काम नाही, घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे. एवढं सांगून त्यांनी आहाराचा एक तक्ता दिला. आम्ही चार शहाणी माणसं, आम्हाला तक्ता तेवढा दिसला. 'सगळ्यांनी मिळून' हे बाईंचं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी झालं. घरी आल्यावर तक्ता स्वयंपाकघरात चिकटला आणि 'जानूचं जेवण' नावाचं एक प्रकरण सुरू झालं. अम्मा तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात वेगळी भाजी करायच्या, मी वेगळ्या पोळ्या लाटायचे, सीनू तिला बागेत पळायला पाठवून स्वतः बाकावर बसायचा, आणि अप्पा... अप्पांनी तर यात कौशल्य आणलं. ते सगळ्यांना तूप वाढत आणि जानूच्या ताटावरून हात असा अलगद पुढे नेत की जणू तिथे ताटच नव्हतं. सगळं मायेनेच चाललं होतं. मूल बारीक तर झालं नाहीच, गप्प मात्र झालं. एकदा देवघरातला नैवेद्याचा लाडू तिच्या फ्रॉकच्या खिशात सापडला, आणि अम्मांनी तिला रागवायच्या ऐवजी स्वतःच रडून घेतलं.

मग तो कुळधर्म आला. भाड्याने घेतलेला हॉल, सगळा गोतावळा, लांबच लांब पंगत. पुरणपोळीचा बेत. जानू माझ्या शेजारी बसली होती. अप्पा पंगतीच्या त्या टोकापासून निघाले, थट्टा करत, हात बाजूला सारत, बोटांवर तूप सांडत. लोक खूश होऊन ओरडत होते. ते आमच्यापासून अजून सातआठ पानं लांब असतील, तेवढ्यात मी बाजूला पाहिलं. जानूने दोन्ही हात पानावर आडवे धरले होते. पान झाकून, मान खाली घालून बसली होती. तिला ठाऊक होतं की अप्पा तिच्यापाशी येऊन थांबणार नाहीत. सगळ्यांसमोर त्यांना तिला ओलांडावं लागू नये म्हणून तिने आधीच नको म्हणून ठेवलं होतं. त्या पंगतीत लोक पानावर हात धरत ते आग्रह व्हावा म्हणून. खरोखर नको म्हणून हात धरलेलं ते एकच पान होतं, आणि ते माझ्या लेकीचं होतं.

अप्पांनी ते लांबूनच पाहिलं. पळी हवेतच थांबली. त्यांचा तो गडगडणारा आवाज एकदम बंद झाला आणि माणसं वळून बघायला लागली. ते मधली पानं सोडून सरळ जानूसमोर आले, वेष्टी सावरत उकिडवे बसले, आणि त्या अवाढव्य देहाला तसं बसणं सोपं नव्हतं. तिला लाडाने म्हणाले, "हात काढ, कण्णा." ती म्हणाली, "नको, अप्पा. माझा तक्ता आहे." त्यांनी पळीत अगदी थोडं, बोटभर तूप घेतलं, तिच्या भातावर घातलं, आणि उठून उभे राहिले. मधल्या सुटलेल्या आणि पुढच्या प्रत्येक पानावर त्यांनी तेवढंच वाढलं. ना थट्टा, ना आग्रह. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे किट्टूकाका, पुढे बसले होते. ते म्हणाले, "काय रे अण्णा, तूप महागलं आ?" अप्पा म्हणाले, "पंक्तिप्रपंच झाला माझ्या हातानं, किट्टू. इतके दिवस होत होता."

पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं. हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. अप्पांसाठी तो पुस्तकातला नव्हता. जन्मभर वाढप केलेल्या माणसाला याच्याइतकं मोठं पाप दुसरं नाही. पंगतीत श्रीमंताला चार पळ्या आणि गरिबाला दोन, असं त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. आणि तेच आपण घरात, रोज, आपल्या नातीच्या बाबतीत करत होतो हे त्यांना त्या पानावरच्या दोन लहान हातांनी सांगितलं. घरी पोचल्यावर त्यांनी बाकीच्यांना बसवलं, जानूला शेजारी शहाळं आणायला पाठवलं आणि म्हणाले, "उद्यापासून अस्क्यांना एकच." अस्के म्हणजे सगळे, त्यांच्या तंजावरी मराठीत. "तिला जे वाढायचं ते मला, सीनूला, सगळ्यांना. तिला जे चालत नाही ते मलाही नाही. आणि कारण म्हणून तिचं नाव कुणी घेणार नाही."

सीनू चिडला. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. कंपनीच्या बसने पहाटे जायचं, अंधार पडल्यावर यायचं. तो म्हणाला, "अप्पा, मी दिवसभर राबतो. रात्रीच्या दोन घासांवर तरी पहारा ठेवू नका." अप्पांचा आवाज चढेल असं मला वाटलं होतं, पण ते हळूच म्हणाले, "तुझं पान मी मोजत नाही रे. तिचं पान एकटं पडलंय." पण अम्मांचं दुःख त्याहून खोल होतं. त्या म्हणाल्या, "मग मी माझ्या हातानं पोरीला द्यायचं तरी काय?" अप्पा म्हणाले, "हातच दे. तिचा हात धरून भाजी आणायला जा." अम्मांचे गुडघे दुखत, त्या भाजी दारावर घेत. दुसऱ्या दिवसापासून आजी-नात हातात हात घालून देवळामागच्या भाजीबाजारात जायला लागल्या आणि कोणती भाजी आणायची हे जानू ठरवायला लागली. पहिल्या आठवड्यात तिने रोज बटाटे आणले. अप्पांनी हूं की चूं केलं नाही. मग तिलाच बटाट्यांचा कंटाळा आला.

तक्ता भिंतीवरून निघाला. मुरुक्कूचा डबा कुणी फेकला नाही, तो रिकामा झाला आणि परत भरला गेला नाही, एवढंच. महिन्यातून एकदा मुरुक्कू व्हायचे, सगळ्यांनी मिळून साचा फिरवायचा, त्याच दिवशी संपतील एवढेच करायचे. रोज उजाडलं की अप्पा आणि जानू तळ्याभोवती चालायला जायला लागले. मार्कांचा म्हैसूरपाक गेला. मार्क मिळाले की, किंवा नाही मिळाले तरी, उड्डाणपुलावरून धावणाऱ्या लोकल गाडीने एकदोन स्टेशनं जायचं आणि तिथून समुद्रापर्यंत चालत, येताना पूर्ण चालत. सभेच्या कँटीनला ते जातच राहिले, नाहीतर अप्पा अप्पा कसले. पण बोंड्याची एक बशी आणि दोन चमचे. जेवण सगळ्यांनी एकदम बसून, आणि त्या वेळी फोन डाळीच्या एका रिकाम्या डब्यात. बँकेतून मला एकदा तातडीचा फोन आला तेव्हा डबा स्वयंपाकघरात नाचत होता आणि अप्पा शांतपणे ताकभात कालवत होते. म्हणाले, "बँक बुडणार असेल तर मोराच्या आत नाही बुडणार." मोर म्हणजे ताक.

या सगळ्यात सीनू डोळे मिटून दूध पितोय हे पहिल्यांदा मला कळलं. घरी शहाण्यासारखं जेवायचा आणि शर्टाला परोट्याचा वास. बस जिथे सोडते तिथे कोपऱ्यावर एक खानावळ आहे. मी भांडायच्या तयारीत होते. अप्पा म्हणाले, "नीला, तू थांब." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः त्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. सीनू उतरला तर समोर वडील. खानावळीचं नाव नाही, परोट्याचं नाव नाही, "चल, चालत जाऊ," एवढंच. तिथून घर काही जवळ नाही. रोज ते जायला लागले. पहिले काही दिवस बापलेक मुक्याने चालत आले. मग कारखान्यातल्या गोष्टी निघाल्या, मग सीनूच्या लहानपणच्या, मग थोरल्या काकांच्या पायाच्या. सीनूने मला नंतर सांगितलं की इतकी वर्षं एका घरात राहून वडलांशी तो परीक्षा, पगार आणि जेवण याखेरीज काही बोललाच नव्हता. एकदा चालताना अप्पा त्याला म्हणाले, "आपण म्हणत होतो, हे रक्तातनं येतं. थोडं येतही असेल. पण बाकीचं पळीतनं येत होतं रे, सीनू. पणजोबांपासून."

आणि मग त्यांनी पळी कापली. हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानीमनी नव्हतं. जॉर्ज टाउनमध्ये त्यांच्या ओळखीचा एक जुना भांडी घडवणारा होता, त्याच्याकडे ते एक दिवस एकटेच गेले. तो म्हणे दोनदा म्हणाला की नवीन लहान पळी घ्या की, ही कशाला मोडता. अप्पांनी ऐकलं नाही. लांब दांडा तसाच ठेवून खालची वाटी कापून, घासून, लिंबाच्या फोडीएवढी करून आणली. दिसायला ती विचित्रच दिसते, एवढा लांब हात आणि एवढंसं तोंड. गोतावळ्यात हलकल्लोळ झाला. तंजावरची पळी, चार पिढ्यांची, राजाच्या वेळची! किट्टूकाका तर तणतणत घरी आले. म्हणाले, "तुला तूप कमी वाढायचं होतं तर कमी वाढ. पूर्वजांच्या वस्तूला हात का लावला?" अप्पा म्हणाले, "माझ्या हाताला सवय मोठीची. पळी मोठी राहिली तर एक दिवस हात विसरेल. आणि मी गेल्यावर जो वाढेल त्याला कोण सांगणार?" काकांनी पुढच्या कुळधर्माला निषेध म्हणून तुपाशिवाय भात खाल्ला. अप्पांना त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं, पण पळी त्यांनी तीच वापरली. आणि आणखी एक बदल केला. पानावर हात दिसला की ते पुढे जायला लागले. आग्रहासाठी हात धरून बसलेली मंडळी कोरड्या भाताकडे बघत राहायची, आणि पुढच्या वेळी निमूटपणे हात मांडीवर ठेवायची.

मला त्यांचा अभिमान वाटतो तो या ठिकाणी. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीसाठी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, तीच गोष्ट त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर सोडली, आणि सोडताना कुणाला उपदेश केला नाही. त्यांनी खाणं वाईट असं कधी म्हटलं नाही. जिभेचे चोचले त्यांचे शेवटपर्यंत होते. रसममध्ये मिरी कमी पडली तर तोंड पाडून बसत. घरात वजनकाटा त्यांनी येऊ दिला नाही, 'जाड' आणि 'बारीक' हे दोन्ही शब्द हद्दपार केले. दोनेक वर्षांनी एक आत्या आल्या आणि जानूच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "बरीच उतरली ग पोर, आता छान दिसते." कौतुकच होतं ते. अप्पा लगेच म्हणाले, "ती सध्या काय वाचते ते विचार, अक्का. ते जास्त छान आहे." आत्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, पण जानूचा चेहरा मी पाहिला आणि मला तेव्हा मनोमन अप्पांच्या पाया पडावंसं वाटलं. प्रत्यक्षात मी कॉफी करायला उठले.

जानू आज कॉलेजात आहे. ती सडपातळ नाही. घराण्याची रुंद हाडं तिला आहेतच, आणि ती त्यांचा थ्रोबॉलच्या मैदानावर पुरेपूर उपयोग करते. तिच्या हाताचा चेंडू झेलायला समोरच्या मुली बिचकतात. डॉक्टरीणबाईंनी मागे तिला बघून आता माझ्याकडे यायची गरज नाही म्हणून सांगितलं. सीनूच्या गोळ्या सुटल्या नाहीत, पण इतक्या वर्षांत वाढल्याही नाहीत, आणि आमच्या गोतावळ्यातल्या दोन घरांनी तरी तसल्याच लांब दांड्याच्या, लहान तोंडाच्या पळ्या करून घेतल्याचं मला ठाऊक आहे. लोक त्यांना थट्टेने रघुनाथरावांची कंजूष पळी म्हणतात. अप्पांनाही ते नाव आवडायचं.

तेराव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. सीनू विधीतच अडकला होता. पानं मांडली, वरणभात वाढून झाला, आणि सगळे नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. तिथून आता तूप यायला हवं होतं. ती जागा कुणाची हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी उठेना. जानू उठली. तिने खिळ्यावरची पळी काढली, भांडं घेतलं आणि पंगतीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. घराण्यातला थोरला पुरुष नव्हे, सगळ्यांत धाकटी मुलगी. कुणीतरी कुजबुजलं, पण अम्मा म्हणाल्या, "वाढ, कण्णा," आणि विषय संपला. एकेका पानावर एकेक पळी टाकत ती किट्टूकाकांपर्यंत आली. काकांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले होते, जुन्या पद्धतीने. जुना राग होता की थोरल्या भावाची आठवण, मला सांगता येणार नाही. जानू क्षणभर थांबली. मग आजोबांसारखीच पुढच्या पानाकडे गेली. चारपाच पानं पुढे गेली असेल, तेव्हा मागून काकांचा आवाज आला, "ए पोरी... इकडे ये." त्यांनी हात काढले होते. ती परत आली, एक पळी वाढली. काका म्हणाले, "अस्क्यांना एकच न?" ती म्हणाली, "एकच, काका."

वाढणारे शेवटच्या पंगतीला बसतात. जानू तिच्या चुलतबहिणीच्या शेजारी बसली. तूप कोण वाढणार म्हणून मी उठायला लागले, तर किट्टूकाकांनी माझ्या आधी पळी उचलली. ज्या पळीवरून त्यांनी भावाशी भांडण काढलं होतं, ती हातात घेऊन, वाकत, धापा टाकत ते एकेका पानाशी थांबत आले. मी जानूच्या पानाकडे बघत होते. ती बहिणीला कसल्यातरी सामन्याची गोष्ट सांगत होती, हात हवेत उडवून, चेंडू कसा गेला ते दाखवत. काका समोर आलेले तिला कळलंही नाही. पान उघडं होतं. काकांनी त्यावर एक पळी तूप वाढलं आणि ते पुढे गेले.